पालच्या रानात सांबराच्या मागावर

धाकटा भाऊ दिवाळीला कोलोरॅडोहून सावद्याला आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून मुलांची दोन भडक नारिंगी जाकिटे निघाली. आदल्या वर्षी ऑक्टोबरात तो एका सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर रॉकी पर्वतात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेला होता. बंदूक त्याच्या हाती नव्हती, तो नुसता सोबतीला होता. आणि पाच दिवस वाटाड्याच्या मागे बर्फ तुडवूनही त्या मंडळींना एकही नर मिळाला नाही. तरीही त्या पायपिटीविषयी तो इतक्या ओढीने बोलत राहिला की एका रात्री वडील म्हणाले, "मग एवढ्या लांब कशाला गेलास? आपला सातपुडा काय वाईट आहे?"

रावेर तालुक्यातील पालला जायचे ठरले ते असे. पालच्या रानातले यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले आणि पुढे ती बंदच झाली, त्यामुळे आम्ही जाणार होतो ते केवळ सांबर पाहायला. त्याआधीच्या काळात आजोबा रीतसर परवाना काढून सातपुड्यात जात आणि शाळकरी वयातले वडील हाक्याच्या, म्हणजे जनावर उठवणाऱ्या, माणसांबरोबर डबे बडवत चालत. त्या दिवसांविषयी ते फारसे बोलत नाहीत; अभिमानानेही नाही आणि पश्चात्तापानेही नाही.

वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही पहाटे निघालो. सोबत पन्नाशीचा एक पावरा आदिवासी वाटाड्या होता. त्याने प्रथम मुलांच्या जाकिटांकडे पाहिले. भावाने त्याला समजावून सांगितले की कोलोरॅडोत बंदुकीच्या हंगामात असा रंग अंगावर असणे सक्तीचे आहे, कारण दुसऱ्या शिकाऱ्याला तो दुरून दिसतो, हरणाच्या जातीतल्या जनावरांना मात्र तांबडे-नारिंगी नीट ओळखता येत नाही. वाटाड्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "रंगाचं राहू द्या दादा, पण हे अत्तर कशाला मारलं?" भावाच्या अंगाला डिओडरंटचा वास येत होता. वाऱ्याच्या बाजूने गेलो तर अर्ध्या कोसावरून सांबर उठेल, असे म्हणून त्याने आम्हाला लांबच्या वाटेने वळवले. तिकडच्या वाटाड्यानेही पहिल्या दिवशी आपल्याला याच कारणासाठी झापले होते, हे भावाने तेव्हा कबूल केले.

सागाची सुकू लागलेली पाने पायाखाली पापडासारखी वाजत होती. ओढ्याकाठच्या चिखलात सांबराने लोळण घेतलेली दिसली. कडेला खुरांचे ठसे होते आणि जवळच्या एका खोडाची साल कमरेच्या उंचीवर शिंगांनी घासून सोलून निघाली होती. थंडीत नर माजावर येतात तेव्हा असे करतात. पुढे पालापाचोळ्यात धाकट्या पुतण्याला गळून पडलेले एक शिंग सापडले. सांबराची शिंगे सहसा दरवर्षी गळतात, बहुधा उन्हाळ्यात, म्हणजे हे काही महिने तिथेच पडून असावे. त्याच्या टोकाला चाकूने कोरल्यासारख्या बारीक, समांतर खाचा होत्या. साळिंदराने दातांनी कुरतडल्याच्या त्या खुणा. साळिंदर त्यातला चुना खाते, हे वाटाड्याने सांगितले. कोलोरॅडोत एल्कची गळलेली शिंगे हंगाम पाहून गोळा करता येतात, त्यामुळे पुतण्याने ते सरळ पाठीवरच्या पिशवीत घातले. "ते इथंच राहू दे बाळा," वाटाड्या म्हणाला. इकडे गळलेले शिंग उचलून नेणेही गुन्हा आहे. पुतण्याचे डोळे भरून आले. मला मात्र ते शिंग साळिंदराचेच वाटले.

नऊ वाजेपर्यंत काहीच दिसले नाही. अंजनाच्या झाडाखाली बसून आम्ही कळण्याची भाकरी आणि भरीत सोडले, मुले कुजबुजू लागली, आणि मी मनातल्या मनात परतीची वाट मोजू लागलो. अचानक वडिलांनी हात वर केला. समोरच्या उतारावर दगडावर खूर आपटल्याचा आवाज झाला, पुन्हा झाला, आणि पाठोपाठ भोंग्यासारखी 'पोंऽक' अशी हाक उठली. वाटाड्याने मान वळवली तोवर वडिलांचे बोट धावड्याच्या दोन झाडांमधल्या फटीवर स्थिर झाले होते.

मादी होती. तपकिरी, ओबडधोबड केसांची, मोठे गोल कान आमच्याकडे वळवलेली, शेपूट ताठ. तिने पुढचा पाय उचलला, क्षणभर तसाच धरला आणि आपटला. मग ती वळली आणि एवढे जड जनावर असूनही जवळजवळ आवाज न करता वर निघून गेली.

"किती वर्षांनी," वडील म्हणाले, आणि त्यांनी भाकरीचा राहिलेला तुकडा पुन्हा फडक्यात बांधला. गाडीपर्यंतच्या वाटेवर धाकटा पुतण्या दर थोड्या अंतरावर थांबून पाय आपटत होता, आणि वडील त्याला तो नेमका किती वेळ वर धरायचा ते दाखवत होते.