झाकण ज्याच्या त्याच्या वाटीचे

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एका गायवानाचे झाकण फुटले. गायवान म्हणजे झाकण, वाटी आणि बशी अशा तीन भागांचे चिनी चहापात्र. त्यातले झाकण आकाश, बशी पृथ्वी आणि मधली वाटी माणूस, असे चिनी लोक मानतात. त्याच मापाच्या दुसऱ्या गायवानाचे झाकण मी या वाटीवर ठेवून पाहिले, पण ते एका बाजूने टेकले आणि दुसऱ्या बाजूने डुगडुगत राहिले. दोन्ही पात्रे हातघडणीची होती, आणि भट्टीत आकसताना प्रत्येक वाटीचा काठ केसभर का होईना, वेगळा होतो.

हे केसभर अंतर महत्त्वाचे असते, कारण गायवानाला ना कान असतो ना चोच. झाकण किंचित तिरपे करून जी फट पडते तिच्यातूनच चहा गाळत ओतायचा असतो. फट वाकडी असली की पाने निसटतात आणि गरम पाणी बोटांवर येते. काठ बाहेर वळवलेला असतो तोही बोटांना चटका बसू नये म्हणूनच.

अशी पात्रे घडवण्यात ज्याचे नाव आजही पहिले घेतले जाते, ते जिआंग्शी प्रांतातले जिंगदेझेन. जवळच्या गाओलिंग गावावरून तिथल्या पांढऱ्या मातीला केओलिन हे नाव पडले. ही माती आणि 'चिनी दगड' नावाच्या खडकाची भुकटी यांचे मिश्रण सुमारे 1300 अंश सेल्सिअसला भाजून पोर्सेलिन बनवतात. एक भांडे पुरे होईपर्यंत बहात्तर हातांतून जाते, असे मिंग काळातले लेखक सोंग यिंगशिंग यांनी 1637 साली नोंदवले आहे. त्यांतले मला सर्वांत अवघड वाटते ते तासणाऱ्याचे काम: वाळलेली कच्ची वाटी चाकावर फिरवत तो लोखंडी पात्याने तिची भिंत पातळ करत नेतो, मध्येच थांबून टिचकी मारतो आणि आवाजावरून जाडी ओळखतो.

पांढऱ्या रंगामागेही इतिहास आहे. सोंग राजघराण्याच्या काळात चहाची भुकटी घुसळून पीत, आणि तिचा पांढरा फेस उठून दिसावा म्हणून फुजियान प्रांतातल्या काळ्या वाट्यांना मान होता. 1391 साली मिंग सम्राट होंगवू यांनी दाबलेल्या वड्यांचा चहा नजराण्यात घेणे बंद केले, सुट्या पानांच्या चहाला बळ मिळाले, आणि पाण्याचा सोनेरी किंवा हिरवट रंग पाहायचा तर पांढरी पोर्सेलिनच हवी, हे उघड झाले.

आज गायवानातला चहा बहुधा आधी 'गोंगदाओ बेई' या पात्रात ओततात. नावाचा अर्थच न्यायाचे पात्र. पहिल्या पाहुण्याला फिका आणि शेवटच्याला कडक चहा मिळू नये, ही त्यामागची काळजी आहे. दक्षिण चीनमधल्या चाओझोऊ शहराची जुनी रीत मात्र हे पात्र न वापरताच तो न्याय साधते: कडेला कड लावून ठेवलेल्या छोट्या पेल्यांवरून धार गोल गोल फिरवतात, तिला सेनानी ग्वान यांची नगरफेरी म्हणतात, आणि शेवटचे थेंब एकेका पेल्यात मोजून टाकतात, ती प्राचीन सेनापती हान शिन यांची सैन्यगणती. मला ही रीत अधिक आवडते, कारण तिथे समान वाटप पूर्णपणे हातावर अवलंबून असते.

बिनझाकणाची ती वाटी मी टाकलेली नाही. सकाळी तिच्यात हिरव्या चहाची पाने घालून वरून पाणी ओतते, आणि पाने तळाशी बसेपर्यंत तिच्या पांढऱ्या भिंतीवर चढत जाणारा फिकट रंग पाहत बसते.