तुम्ही विचारलंत म्हणून: डाख पळू नये यासाठी काय लावता?

शनिवार-रविवारी माझ्याकडे चांदीकाम शिकायला येणाऱ्यांचा हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हमखास येतो. "ताई, डाख नको तिथे पळते. तुम्ही काय लावता?" डाख म्हणजे चांदीचे दोन तुकडे झाळायला, म्हणजे तापवून जोडायला, वितळवतात तो मिश्रधातू. विचारणारीच्या हातात बहुतेक वेळा एखादी अंगठी असते आणि डाख भरून तिची निम्मी नक्षी बुजलेली असते.

काव लावते. कुंड्यांना, तुळशीवृंदावनाला लावतात तीच लाल काव, किराण्याच्या दुकानात मिळते ती. पण एवढंच सांगून सोडलं, तर पुढच्या शनिवारी तीच बाई न धरलेला सांधा घेऊन येते. मी स्वतः त्या वाटेने गेले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या आजीचा कुंकवाचा करंडा दुरुस्तीला आला होता. बिजागरी झिजून गेली होती, नवी बसवायची होती. अशी बिजागरी म्हणजे एका रेषेत ठेवलेल्या तीन बारीक नळ्या आणि त्यांतून आरपार जाणारी सळई. कडेच्या दोन नळ्या डबीला झाळायच्या, मधली झाकणाला. नळ्यांची बुडं धरली पाहिजेत, पण नळ्या एकमेकींना चिकटता कामा नयेत, आणि दोन नळ्यांमधली फट असते कागदाएवढी. वितळलेल्या डाखेला नेमकी अशीच फट लागते. वातीत तेल चढावं तशी ती आपोआप आत ओढली जाते. मी ज्योत धरली, डाख चमकली आणि क्षणात तिन्ही नळ्यांची एकच नळी झाली. करंडा कायमचा बंद.

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली. काव पाण्यात पातळ कालवली आणि जिथे भीती वाटली तिथे सगळीकडे फासली. झाळण्याआधी लावतात तो टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, तोही भरपूर थापला. पातळ काव पाझरून बुडाशीही गेली. झाळल्यावर दिसायला सांधा झकास, पण झाकण उघडलं तशी मधली नळी हातात आली.

आण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारच्या पाटावर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, "अगं, टाकणखार एवढा थापलास. तूच तिला पाट मांडलास आणि आता येऊ नको म्हणतेस?"

तापल्यावर चांदीतलं तांबं काळवंडतं आणि त्या काळ्या थरावर डाख पसरत नाही. टाकणखार वितळून काचेसारखा होतो, तो थर विरघळवतो, हवा लागू देत नाही आणि डाखेला वाट मोकळी करून देतो. म्हणजे टाकणखार जिथवर, तिथवर डाखेला रस्ता. नवशिके ब्रश बुचकळून अख्खी वस्तू माखतात, तिथेच निम्मं नुकसान होतं. मी आता बारीक ब्रशाने फक्त सांध्यावर लावते. आणि ज्योत सुरुवातीला दुरूनच, कारण टाकणखाराची आधी लाही होते आणि त्या फुगण्याने डाखेचा तुकडा टुणकन उडून भलतीकडे जाऊन बसतो. तुकडाही खसखशीएवढा पुरे. जास्तीची डाख कुठेतरी जाणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे डाख तापलेल्या बाजूला धावते. पातळ नळी आणि जाड डबी असेल, तर ज्योत डबीवर फिरवायची. नळी तापायला वेळ लागत नाही. नळीवरच ज्योत धरलीत, तर डाख तिच्या अंगावर चढणार आणि डबी कोरडी राहणार. 92.5 टक्क्यांची चांदी 800 अंशांच्या आसपास वितळू लागते आणि कडक डाख 750 ते 780 अंशांच्या दरम्यान वाहते, तेव्हा चुकायला फारशी जागा नसते. आधीचा सांधा कडक डाखेने झाळून पुढचा 700 ते 720ला वाहणाऱ्या मऊ डाखेने झाळला, तर पहिला सहसा हलत नाही.

एवढं सांभाळल्यावर काव. दाट कालवायची, दह्याच्या चक्क्याइतकी. सांध्यापासून केसभर अंतर सोडून लावायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मग टाकणखार. उलट क्रमाने केलंत, तर दोन्ही एकमेकांत मिसळून कुणाचाच उपयोग राहत नाही. फिरकीच्या आट्यांवर मी मऊ शिसपेन्सिल घासते, तिथे काव नीट बसत नाही. खोडायचं पांढरं व्हाइटनरही चालतं, खरं तर छान चालतं, पण त्याचा धूर मला सोसत नाही. वापरायचंच असेल, तर खडखडीत वाळवा, खिडक्या उघडा आणि तोंड लांब ठेवा.

झाळून झाल्यावर काव ब्रशाने, रिठ्याच्या पाण्यात घासून काढायची आणि मगच वस्तू आम्लात टाकायची. ती काढताना चिमटा तांब्याचा घ्या. लोखंडाचा चिमटा वापरलेल्या आम्लात बुडवलात, तर त्यातलं तांबं चांदीवर चढतं आणि करंडा गुलाबी होतो. हेही मी केलं आहे, पण त्याचा राग त्या दिवशी आण्णांपेक्षा आईला जास्त आला, कारण चिमटा तिच्या स्वयंपाकघरातला होता.

करंडा शेवटी तिसऱ्या खेपेला जमला. तिन्ही नळ्या सळईवर ओवल्या, सळईला तेलात कालवलेली काव फासली, आणि प्रत्येक नळीला एकेकच खसखस डाख देऊन नुसती जागेवर धरवली. मग सळई काढली, झाकण वेगळं केलं आणि डबीच्या नळ्या डबीवर, झाकणाची झाकणावर, अशा निरनिराळ्या पुऱ्या झाळल्या. शेजारी नळीच नाही म्हटल्यावर चिकटणार कुणाला?

पहिल्या खेपेची थोडी डाख मात्र डबीच्या पाठीवर पसरली होती. कानशीने काढली, पॉलिशने झाकली. आजही दिवाळीच्या आधी तो करंडा उजळायला येतो. वर्षभराने चांदी काळवंडलेली असते, पण तेवढा नखाएवढा तुकडा वेगळ्याच पिवळट रंगाने काळवंडतो. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. मी पिशवीतून करंडा काढला, की आधी पाठ वळवून बघते.