एक गुंठा म्हणजे नेमका किती?

आठवीच्या वर्गात विचारलं, "शेत किती?" परभणी जिल्ह्यातली पोरं, सगळ्यांची उत्तरं एकरात. "मग गुंठा दाखवा," म्हटलं तर वर्ग गप्प.

सुतळी आणि फक्की घेऊन मैदानावर गेलो. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. असे 40 म्हणजे एकर. पहिला चौकोन तिरकाच आला. कर्ण मोजले, एक 48 फुटांवर, दुसरा जेमतेम 45. सुतळी ताणली जाते हे मला आधी सुचायला हवं होतं! एकाचे वडील गवंडी. तो म्हणाला, "सर, गुण्या नसला की बाबा तीन-चार-पाच धरतेत." गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं गवंड्याचं साधन; तो नसला की 3, 4 आणि 5 फूट बाजूंचा त्रिकोण धरायचा, 3 आणि 4 मधला कोन काटकोनच येतो. तसंच धरलं. दोन्ही कर्ण 46 फूट 8 इंचांच्या आसपास आले. पायथागोरस फळ्यावर लिहायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी वाकड्या शेताची गोष्ट. ओळीनं बाजू 130, 140, 120, 90 फूट (आकडे मीच सोयीचे घेतले). समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला तर 14,375 चौरस फूट. मग 150 फुटांचा कर्ण टाकून दोन त्रिकोण केले, हेरॉनचं सूत्र (तिन्ही बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं) लावलं: 8400 अधिक 5400, म्हणजे 13,800. फरक अर्ध्या गुंठ्याहून जास्त. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे विकताना पहिला हिशोब, घेताना दुसरा!"

फक्कीचा चौकोन पावसानं धुऊन जाईपर्यंत खो-खोवाल्यांनी माझ्याशी अबोला धरला होता.