उत्तर न देऊन केलेली परीक्षा : सिपच्या अनुरूपता चाचण्या लिहिताना

इंटरनेटवरून कॉल जोडणारा सिप प्रोटोकॉल वापरणाऱ्या इंटरफेससाठी अनुरूपता चाचण्या, म्हणजे उपकरण मानकाप्रमाणे वागते का हे पाहणाऱ्या चाचण्या, लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सर्वाधिक वेळ आरएफसी ३२६१ हे २००२ सालचे मानक वाचण्यात गेला. त्यातील काही अटी बंधनकारक आहेत, काही शिफारशी आहेत, तर काही ठिकाणी निव्वळ मुभा दिलेली आहे. ज्या गोष्टीचे बंधन मानकाने घातलेले नाही, तिच्यासाठी एखाद्या उपकरणाला नापास करणे हा मी अन्यायच मानतो.

कलम १७.१.१.२ मधील ‘इन्व्हाइट’च्या, म्हणजे कॉल सुरू करणाऱ्या संदेशाच्या, पुनर्प्रेषणाची चाचणी या दृष्टीने फार शिकवणारी ठरली. यूडीपीवर (संदेश पोहोचण्याची हमी न देणाऱ्या वाहतूक प्रोटोकॉलवर) उत्तर आले नाही, तर उपकरणाने टी-१ (संदेश जाऊन उत्तर येण्यास लागणाऱ्या वेळेचा अंदाज) इतक्या वेळाने संदेश पुन्हा पाठवायचा, दर वेळी अंतर दुप्पट करायचे आणि ६४ गुणिले टी-१ इतका काळ उलटल्यावर प्रयत्न सोडायचा. टी-१ जर ५०० मिलिसेकंद असेल, तर ३२ सेकंदांत एकूण सात संदेश दिसले पाहिजेत. त्या काळात चाचणी-यंत्रणेने केवळ गप्प राहून वेळा नोंदवायच्या असतात.

मात्र ५०० मिलिसेकंद हे मूळ मूल्य आहे, सक्तीचे नव्हे; म्हणून ते चाचणीत पक्के न लिहिता पिक्सिट तक्त्यात, म्हणजे चाचणीसाठी लागणाऱ्या उपकरणाच्या जादा माहितीच्या तक्त्यात, उत्पादकाकडून भरून घेतले. संदेश पोहोचवण्याची काळजी स्वतःच घेणाऱ्या टीसीपीवर पुनर्प्रेषण करू नये, ही तर फक्त शिफारस आहे. तिथे मी ‘फेल’ न देता नोंद तेवढी ठेवली.

टीटीसीएन-३ या चाचण्या लिहिण्याच्या भाषेत कोड लिहिणे त्यामानाने सरळ होते. निकालाबाबत मात्र दक्ष राहावे लागले, कारण या भाषेत एकदा ‘फेल’ नोंदवला की पुढे ‘पास’ लिहूनही तो सुधारत नाही. उपकरणाने कॉलच सुरू केला नाही, तर कलमाची परीक्षा झालेलीच नसते. अशा वेळी ‘इनकॉन्क’ (अनिर्णित) हाच प्रामाणिक निकाल. यूडीपीचा एखादा संदेश वाटेत हरवला, तरी दोन संदेशांमधले अंतर वाढलेले दिसते आणि दोष उपकरणावर येतो, म्हणून दोन्ही यंत्रे थेट केबलने जोडली.

एका उपकरणाची अंतरे १, २, ४ सेकंद अशी आली आणि ‘फेल’ नोंदला गेला. ट्रेस, म्हणजे संदेशांची वेळेसह नोंद, कलमाशेजारी ठेवून पाहिला, तेव्हा दुपटीचा क्रम अचूक होता. तक्त्यात मात्र टी-१ ५०० मिलिसेकंद असा भरलेला होता. उत्पादकाने तो दुरुस्त करून १००० केला आणि तीच चाचणी, कोडला हात न लावता, ‘पास’ झाली.