जाम गेट, महेश्वर, जानापाव : दोन दिवस आणि एक आडमुठी पेटी

सामान सगळं होतं. दोर, ओढायचा पट्टा, चार शॅकल (दोर अडकवायच्या पिनेच्या लोखंडी कड्या), गाडी उंच उचलणारा हाय-लिफ्ट जॅक, हवेचा पंप. फावडंही होतं, पण फक्त पहिल्या दिवशी. ते का, ते पुढे येईल. एवढं असून इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या पायथ्याशी काळ्या मातीत गाडी रुतली, तेव्हा पहिला अर्धा तास दोन शॅकल सोडले तर यातलं काहीच हाताला लागलं नाही.

गाडी माझ्या आतेभावाची, दादाची. इसुझू व्ही-क्रॉस, मागे उघडा हौदा. सियागंजातून आणलेली लोखंडी पेटी त्याने फाळक्याला (हौद्याच्या मागच्या दाराला) लागूनच ठेवली होती, म्हणजे फाळका पाडला की पेटी समोर. कडी-कुलूप फाळक्याच्या बाजूला, वरून एक रॅचेट (खटक्याने आवळायचा) पट्टा. कागदावर झकास.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पहाटे पोहे-जिलबी खाऊन निघालो आणि महूत डिझेल भरलं. पावसाळा सरला की माळव्याचं पठार काय दिसतं ते इंदूरकरांना सांगायला नको. जाम गेट हा अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ सालचा दरवाजा. त्याच्यापाशी पठार एकदम संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. फोटो झाले, भुट्टे झाले. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागून धाडकन आवाज आला. पेटी सरकून केबिनच्या मागच्या पत्र्यावर आदळली होती.

पट्टा तुटला नव्हता, नुसता सैल पडला होता. नवा पट्टा पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये बसतो, ताणतो. तेवढं अंतर गेलं की थांबून पुन्हा आवळायचा असतो, आणि आम्ही थांबलो होतो ते भुट्ट्यासाठी. त्यात हौद्याचा पत्रा गुळगुळीत आणि खाली रबरी चटई नाही. पट्ट्याला एक पीळ देऊन बांधलं की वाऱ्यात तो फडफडत नाही, हे मात्र दादाला ठाऊक होतं. म्हणजे आवाज बंद, पेटी मोकळी.

मला त्या आवाजाने घाम फुटला, कारण दोन शॅकल मागच्या सीटवर पिशवीत तसेच सुटे पडले होते. ताशी साठच्या वेगात गाडी कशावर आदळली, तर सीटवरचं सुटं लोखंड त्याच वेगाने पुढे येतं. साधारण चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून, शॅकल डोक्यात पडावं तसं. केबिनमध्ये ठेवायचंच असेल तर सीटच्या मागे, पिशवीसकट बांधून.

महेश्वरला संध्याकाळ घाटावर गेली. नर्मदेबद्दल इथे लिहीत बसत नाही, जाऊन बघा. फावडं हौद्याच्या कडेला सुतळीने बांधलं होतं. सकाळी सुतळी होती.

‘‘अरे, फावडंच तर आहे, शंभर-दोनशेचा माल,’’ दादा म्हणाला. चिखलात त्याची किंमत काय होते ते दुपारी कळलं.

परत येताना आग्रा-मुंबई रस्त्याने गुजरी-मानपूरचा घाट चढलो. आता चढ होता, त्यामुळे पेटी हळूहळू मागे सरकत फाळक्याला जाऊन चिकटली. या वेळी आवाज झाला नाही म्हणून कोणी पाहिलं नाही. जानापावला, चंबळ जिथून निघते म्हणतात तिथे, वरपर्यंत चांगला रस्ता आहे. आम्हाला अक्कल सुचली आणि खाली उतरल्यावर सोयाबीन काढलेल्या शेतांमधल्या गाडवाटेने ‘जरा पुढे’ गेलो. काळी माती वरून वाळून भेगाळते, पण हातभर खाली ओलीच असते. वळवायला गाडी मागे घेतली, मागची चाकं बसली आणि फाळका थेट बांधाला टेकला.

आता गंमत बघा. बांध आडवा, त्यामुळे फाळका पडेना. कुलूप फाळका आणि पेटी यांच्यामध्ये चेंगरलेलं, तिथे बोट जाईना. बांध खणावा तर फावडं महेश्वरला. शेवटी दादा हौद्यात उतरला, केबिनकडे पाठ करून दोन्ही हातांनी पेटी स्वतःकडे खेचायला लागला. साठेक किलोचं धूड. चार बोटं फट पडली तेव्हा मी बाहेरून ओणवा होऊन हात घातला. कुलुपाच्या भोकात घाटातली धूळ बसलेली, किल्ली अर्धीच जाई. पाण्याच्या बाटलीने धुतलं, फुंकलं, तेव्हा कुठे फिरली.

टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवून पाहिली. वाळूत याने जादू होते. इथे टायरच्या खाचा मातीने लिंपून गेल्या होत्या, फार फरक पडला नाही. शेजारच्या शेतातले काका ट्रॅक्टर घेऊन आले आणि साखळी आमच्या बंपरलाच अडकवायला निघाले. त्यांना हात जोडून थांबवलं. बंपर नाही, ट्रेलर जोडायचा बॉल नाही, हौद्यातल्या कड्या तर नाहीच, त्या सामान बांधायला असतात. ओढायचं ते चॅसीला पक्क्या बसवलेल्या हुकावरून. ताणणारा नायलॉनचा दोर पेटीतच राहू दिला. तो गाडीने झटका देण्यासाठी असतो. ट्रॅक्टरच्या संथ ओढीला न ताणणारा पट्टा बरा. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घेतली, नाहीतर ओढीनंतर ती जाम बसते. पट्ट्यावर ओलं पोतं टाकलं, बघ्यांना लांब पिटाळलं. दोन मिनिटांत गाडी बाहेर. काकांनी पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला.

घरी आल्यावर जे बदललं ते सांगतो. पेटी आता केबिनला टेकून आहे, कारण जड वजन मागच्या चाकांच्या पुढे असलेलं चांगलं. कडी गाडीच्या कुशीकडे वळवली, म्हणजे खाली उभं राहून बाजूने हात पोचतो. फाळका उघडो न उघडो. पेटीखाली रबर, आणि चार बोल्ट आरपार. पत्र्याखाली हाताच्या पंजाएवढ्या लोखंडी पट्ट्या लावल्या आहेत, नुसता वॉशर लावला तर झटक्याने पत्रा फाडून वर येतो. पेटीत जॅक आणि पंप. दोर, पट्टा, दोन शॅकल आणि हातमोजे सीटमागच्या बांधलेल्या पिशवीत. अडकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लागतं ते हेच. जॅकच्या दांड्याला ग्रीस फासू नका, धूळ धरते. दादाने त्याला जुन्या जीन्सचा पाय चढवला आहे, दिसतं विनोदी पण खडखड बंद झाली.

दोर हौद्यात उघडा टाकणाऱ्यांसाठी : नायलॉन उन्हाने कमजोर होतो, भिजला तरी ताकद काही टक्के उतरते. मातीचे कण आत शिरून धागे कापतात ते वेगळंच. साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा, जाळीच्या पिशवीत ठेवायचा.

नवं फावडं दोन क्लॅम्पमध्ये बसवून कुलूप लावलं आहे. कुलुपाच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

आणि जामला जायचं तर शनिवार-रविवार टाळा. नाहीच जमलं, तर सकाळी आठच्या आत पोचा. नंतर गाडी उभी करायला जागा मिळत नाही.