भाकरीतला भ

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली दोन यंत्रमाग, वर आम्ही. वडील चादरी विणतात, आई विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, शाळेत मराठी. माग चालू असला की 'जेवायला ये' एवढंसुद्धा ओरडून सांगावं लागतं. माझा आवाज अशा घरात तयार झाला. स्टेज आणि रेडिओ, दोन्हीकडे त्यालाच वळण लावण्यात माझी चार वर्षं गेली.

स्टँड-अपची सुरुवात पुण्यातल्या ओपन माइकपासून झाली, म्हणजे नवख्यांनाही स्टेजवर विनोद करून बघता येतो अशा कार्यक्रमांपासून. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं. ती संध्याकाळी परत निघते आणि ओपन माइक असतात रात्री, म्हणून परतीला मिळेल ती गाडी नाहीतर एसटी. एवढ्या खटाटोपानं पाच मिनिटं मिळतात. वेळ संपत आली की मागून मोबाईलचा टॉर्च दाखवतात. पहिल्याच वेळी मी आमच्या सोलापुरी बोलीत 'का बे, काय करलालास?' (काय रे, काय करतोयस?) म्हटलं आणि खोलीभर हशा पिकला. मी हवेत होतो. रात्री एसटीत रेकॉर्डिंग ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की लोक बोलीला हसले होते. मी जिथं विनोद रचला होता तिथं शांतता होती. हे मला फार लागलं. माझी आजी असं बोलते, मित्र असं बोलतात. त्यात हसण्यासारखं काय आहे?

तेव्हापासून प्रत्येक सेट, म्हणजे स्टेजवरची ती पाच मिनिटं, रेकॉर्ड करून, कोणत्या शब्दावर हशा आला ते वहीत उतरवायला लागलो. आई आणि काकूचं भांडण हा माझा सगळ्यात जुना बिट, म्हणजे विनोदी किस्सा. मागाच्या खडखडाटात दोघी फक्त हातवाऱ्यांनी भांडतात. हा बिट सात वेळा पडला. आठव्या वेळी काकूच्या हाताची खूण करून मी दोन श्वास गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यातच हशा आला.

याच काळात आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रासाठी नैमित्तिक उद्घोषकाचा, म्हणजे कायम नोकरीत नसलेल्या, ड्यूटीपुरत्या निवेदकाचा अर्ज भरला. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते, हे मी वडिलांना आवर्जून सांगितलं होतं. विनोद करणाऱ्या माणसाला तिथं जागा असते, एवढं तरी त्यांना पटावं म्हणून. आधी लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मग मुलाखत. लेखी पास झालो, आवाजात नापास. दोष माझाच होता. आमच्या घरात 'भाकरी'ची 'बाकरी' होते, 'घर'चं 'गर' होतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं की मला स्वतःला ऐकूच येत नव्हतं.

मराठी शिकवणाऱ्या आमच्या जुन्या बाईंकडे गेलो. त्यांनी वर्तमानपत्राची बोटभर पट्टी फाडून माझ्या ओठांसमोर धरली. 'बाक' म्हण. पट्टी जागच्या जागी. 'भाकरी' म्हण. पट्टी उडायला हवी होती, नुसती थरथरली. म्हणाल्या, "श्वास आतच ठेवतोस रे. बाहेर सोड." पाच महिने रोज पहाटे, माग सुरू व्हायच्या आत, ती पट्टी आणि मी. भरभर, घागर, धोटा, खडखडाट. धोटा, आडवा धागा नेणारा, तर आमच्या मागावरचाच, पण मी आयुष्यभर त्याला 'दोटा' म्हणत आलो होतो.

पुन्हा जाहिरात आली तेव्हा पुन्हा अर्ज केला. चाचणीत निवेदन, बातम्या आणि नाटकातला एक उतारा वाचायला दिला होता. पास झालो. मुलाखत सरळ झाली. नंतर 'वाणी', म्हणजे आकाशवाणीचं निवेदकांसाठीचं प्रशिक्षण.

तिथं नवीन अडचण समोर आली. माझा कमावलेला 'भ' माइकवर धप्पकन आदळायचा. तोंड माइकपासून वीतभर लांब ठेवायचं आणि किंचित तिरकं, म्हणजे श्वास बाजूनं निघून जातो. आणि ओरडायचं नाही. रेडिओ एका वेळी एकच माणूस ऐकत असतो, त्याच्याशी बोलायचं. मला हेच सगळ्यात जड गेलं, कारण हळू बोललेलं कुणाला ऐकू जातं यावर माझा विश्वासच नव्हता.

मधल्या काळात सोलापुरात एका छोट्या हॉलमध्ये पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम केला. पहिलं वाक्य तेच, 'का बे, काय करलालास?' कुणी हसलं नाही. अर्ध्या हॉलच्या घरात तसंच बोलतात! हशा आला तो थेट काकूच्या हातावर, आणि समोरच्या रांगेतल्या एका आजींनी बसल्या जागी तशीच खूण करून दाखवली. रेडिओवर मी प्रमाण मराठी बोलतो, स्टेजवर सोलापुरी. दोन्ही मेहनतीनं कमावल्या आहेत आणि दोन्ही माझ्या आहेत.

पहिली ड्यूटी सकाळच्या सभेची, म्हणजे सकाळच्या प्रसारणाची. कार्यक्रमांच्या क्रमाचा कागद, क्यू शीट, समोर, लाल दिवा लागला, माइकचा आवाज वाढवणारा फेडर वर केला. पहिल्याच निवेदनात 'भक्तिगीत' आणि 'अभंग', दोन 'भ'. बोटं गार पडली होती. दोन्ही नीट उमटले.

महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या मिळतात, त्यामुळे बाकीचे दिवस एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि जमेल तेव्हा पुण्याची गाडी पकडतो. माझी ड्यूटी असली की वडील निवेदनापुरते दोन्ही माग बंद ठेवतात. मजुरी नगावर आहे, माग थांबला की तेवढे पैसे बुडतात. चालू राहू द्या म्हणून मी कितीदा सांगितलं. ते ऐकत नाहीत.