तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा लेकराला वेगळं का झोपवते

फेब्रुवारीपासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता कोणी नुसतं "बाळ कसंय?" म्हटलं तरी पुढचं वाक्य मला माहीत असतं. लिफ्टमध्ये, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, मावसदिराच्या लग्नात हातात ताट असताना, ऑफिसात डबा उघडल्या उघडल्या. "एवढंसं लेकरू, रात्री त्याला एकटं का टाकता?" टाकता. हा शब्द मला दर वेळी लागतो. तिची क्रिब, बाळाची गजांची खाट, माझ्या पलंगापासून एक हात लांब आहे, म्हणजे खरंच एक हात, मी आडवी होऊन हात लांब केला की गजाला लागतो. कोणी कोणाला टाकलेलं नाहीये.

आत्तापर्यंत मी "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हणायचे. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही. पूर्ण गोष्ट फक्त माझ्या नवऱ्याला आणि त्या डॉक्टरांना माहितीये. आता लेक दहा महिन्यांची झाली, विचारणारे थांबत नाहीत, आणि मला गप्प बसून बसून थकवा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी हे सांगते की मी क्रिबवाली बाई नव्हतेच. लेक ऑक्टोबरमधली. बारशाला पाळणा सजवला, चिमणाळं टांगलं, पण ती झोपायची माझ्याच कुशीत आणि मला ते आवडायचं. दिवसभर पाहुणे, मालिशवाली बाई, धुरी, लोकांचे सल्ले, आणि रात्री सगळं शांत झालं की ती आणि मी. तिच्या टाळूचा वास घेत झोपायचे. कॉलेजमधली एक मैत्रीण जर्मनीत असते, ती तेव्हा फोनवर म्हणाली होती की बाळाला वेगळ्या कॉटमध्ये झोपवते, तर मी तिला म्हणाले होते, "बाई गं, कसं जमतं तुला?" म्हणजे आज तुम्ही मला जे विचारता तेच मी तिला विचारलं होतं, आणि त्याच सुरात. ती त्यावर काही बोलली नाही. मला आता कळतं ती का बोलली नसेल.

जानेवारीतली रात्र. नाशिकच्या थंडीबद्दल नाशिककरांना सांगायला नको, निफाडचा पारा पेपरात येतो आणि आपण इथे दाराच्या फटीत कापड कोंबतो. नवरा अंबडला थर्ड शिफ्टला होता. सासूबाई पंचवटीतल्या वाड्यावर गेल्या होत्या. मी आणि लेक, दोघीच. ती तेव्हा तीन महिन्यांचीही नव्हती. आमच्या अंगावर सासूबाईंनी शिवलेली गोधडी होती, त्यांच्या स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची, चार थरांची, हातटाक्यांची. जड आणि ऊबदार. पहिल्यांदा अंगावर घेतली तेव्हा मला आईच्या घरी आल्यासारखं वाटलं होतं.

अडीचच्या सुमारास ती उठली, मी पडल्या पडल्या पाजायला घेतलं. एका कुशीवर, गुडघे वर घेऊन, हात तिच्या डोक्याच्या वरून, सगळ्या बायका झोपतात तशी. गोधडी माझ्या कमरेपर्यंत होती, हे मला पक्कं आठवतंय कारण पाठीला गार लागत होतं. आणि मग मला झोप लागली.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. नवऱ्याचा मेसेज, चहाच्या सुट्टीत टाकलेला, "झोपल्या का दोघी?" मी डोळे उघडले तर गोधडी माझ्या खांद्यावर होती. झोपेत मीच ओढून घेतली असणार, थंडी वाजली म्हणून. आणि लेक दिसेना. एक क्षण मला वाटलं ती पलंगावरून पडली. मी गोधडी उचलली तर ती खाली सरकून माझ्या पोटाशी होती, तोंड माझ्या गाऊनमध्ये रुतलेलं, जावळ घामाने कपाळाला चिकटलेलं, कान लालबुंद. मी उचललं तर मान मागे पडली. हाक मारली, काही नाही. तळपायाला टिचकी मारली, काही नाही. दुसऱ्यांदा जोरात मारली तेव्हा तिने एक लांब श्वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि रडली.

मधे किती वेळ गेला मला सांगता येत नाही. दोन सेकंद असतील, दहा असतील. ती फक्त गाढ झोपेतच असेल, लहान बाळं गाढ झोपेत अशी सैल पडतात हे मला नंतर समजलं. कदाचित काहीच झालं नव्हतं. पण तो मेसेज आला नसता तर, हा विचार मला आजही भांडी घासताना येतो, सिग्नलला थांबल्यावर येतो. त्या रात्री मी सगळे दिवे लावून कपाटाला पाठ टेकून बसले, तिला मांडीवर घेऊन, नवरा येईपर्यंत. अंगावर काही घेतलं नाही. थंडी वाजत होती का तेही आठवत नाही.

सकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी तपासलं, ठीक आहे म्हणाले. मग एकच प्रश्न विचारला, "पांघरूण तिचं होतं की तुमचं?" मी म्हटलं माझं. ते ओरडले नाहीत. सांगितलं की खोली तुमचीच ठेवा, निदान पहिले सहा महिने, पण अंथरूण तिचं वेगळं. उताणं झोपवायचं. टणक गादी, वर घट्ट बसणारी चादर, आणि बाकी काहीही नाही, उशी नाही, लोड नाही, पांघरूण नाही, खेळणं नाही. थंडी असेल तर कपड्यांचा एक थर वाढवा, पण घरात झोपताना टोपी नको, बाळाची जास्तीची उष्णता डोक्यातून बाहेर पडते. झोळीचं विचारलं तर म्हणाले झोळीत बाळ गोळा होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळते. आणि सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढणं तर पलंगापेक्षाही वाईट.

घरी येऊन मी वाचत सुटले. अमेरिकेत १९९४ ला बाळांना उताणं झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. नुसतं पाठीवर झोपवून. मी त्याच दिवशी राईची उशी काढून टाकली. डोकं चपटं होईल म्हणून किती जणींनी ऐकवलं, तर त्याला उपाय म्हणजे जागेपणी पोटावर खेळवायचं, ते आम्ही रोज केलं. तिचं डोकं व्यवस्थित गोल आहे, बघून जा.

क्रिब आम्ही सुताराकडून करून घेतली. गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको म्हणून मी सांगितलं होतं, त्याने नऊ ठेवलं, "ताई, दिसायला मोकळं दिसतं." त्यातून बाळाचं धड बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं हे मी त्याला पट्टी लावून, लेकीची बाहुली घालून दाखवलं. मग त्याने मुकाट्याने आणखी गज ठोकले. गादी कॉयरची, मापात कापून घेतली, कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट नाही. सासूबाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर पिंजरा आहे." त्यांची तीन मुलं त्याच वाड्यात, रामकुंडापासून पाच मिनिटांवर, जमिनीवरच्या अंथरुणात त्यांच्या कुशीत वाढली. "एकाला तरी काही झालं का गं?" मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय." बास. कारण खरं सांगितलं असतं तर पहिलं नाव गोधडीचं निघालं असतं.

आता जे लोक म्हणतात की आपल्याकडे हजारो वर्षं आया बाळांना जवळ घेऊनच झोपतात, त्यांचं मला खोडता येत नाही आणि खोडायचंही नाही. अमेरिकेतले जेम्स मॅकेना नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आयुष्यभर हेच मांडत आलेत की पाजणाऱ्या आईने बाळाजवळ झोपणं स्वाभाविक आहे. मी ते वाचलं तेव्हा रडले, वाटलं मी उगाच दूर केलं. पण तेही टणक अंथरूण पाहिजे, जड पांघरूण नको म्हणतात. आणि मी म्हणते माझ्या सासूबाईंचं अंथरूण जमिनीवर होतं, घोंगडीवर चादर, आणि माझं स्प्रिंगच्या जाड गादीवर, जिच्यात मीच रुतते. म्हणजे आपण परंपरा म्हणतो पण गादी बदलली हे कोणी मोजतच नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त अवघड जाते. क्रिबमध्ये ठेवणं वेगळं आणि तिथे तिला झोप येणं वेगळं. पहिले काही आठवडे खांद्यावर झोपवून ठेवायचे, पाठ टेकली की हात उडायचे आणि डोळे उघडे. मग आधी पाय टेकवायचे, मग ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं, आणि छातीवर हात पाच मिनिटं तसाच. हे जमलं. मग ती चार महिन्यांची झाली आणि सगळं विस्कटलं, कारण त्या वयात झोपेची घडणच बदलते, झोप हलकी होते तसं बाळ पूर्ण जागं होतं, आणि ती दर तासाला उठायला लागली. माझी २६ आठवड्यांची रजा संपत आलेली. होय, नोकरीचाही भाग होता. ते जे टोमणा मारतात "स्वतःच्या झोपेसाठी केलं", त्यांना सांगते की थोडं त्यासाठीही केलं. चार रात्री सलग न झोपता स्कूटी चालवून बघा.

तर साडेपाच महिन्यांची असताना मी तिला रडू द्यायची पद्धत केली. जागी असताना ठेवायची, बाहेर जायचं, तीन मिनिटांनी येऊन थोपटायचं, मग पाच, मग दहा. मी ठाम होते. नवऱ्याला मी ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास वाचून दाखवला की अशा पद्धतीने बाळाच्या आईशी असलेल्या नात्यावर वर्षभरानंतरही वाईट परिणाम दिसला नाही. पहिली रात्र बारा मिनिटं. दुसरी रात्र बावीस. मी पॅसेजमध्ये मोबाईलचं घड्याळ बघत उभी होते आणि विसाव्या मिनिटाला तिचा आवाज बदलला, रडण्याचा हुंदका झाला, कोणी येणार नाही हे कळल्यासारखा. असं मला वाटलं. ती फक्त दमली असेल. बाविसाव्या मिनिटाला ती झोपली आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

त्या वेळची मी आजच्या मला म्हणते की अजून एक रात्र धरली असतीस तर झालं असतं. आजची मी तिला म्हणते की तो अभ्यास ४३ बाळांचा होता, सगळी सहा महिन्यांच्या पुढची, आणि आपली साडेपाचची होती, हे तू वाचलं होतंस आणि नवऱ्याला सांगितलं नाहीस. त्यावर ती म्हणते, मग दर तासाला उठून, झोपेत चालत, पाजताना पुन्हा पलंगावर डोळा लागला असता तर? याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. मी थांबले कारण मला सहन झालं नाही, ते तिच्यासाठी बरोबर होतं म्हणून थांबले असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग खुर्ची घेऊन बसले. क्रिबच्या शेजारी, हात आत, आधी थोपटणं, काही दिवसांनी नुसता हात, मग हात गजावर, मग नुसती खुर्ची. आठ वाजता पुसून काढायचं, कपडे बदलायचे, पाजायचं, दिवा बंद, रोज त्याच क्रमाने. साडेतीन आठवडे लागले. त्यातले शेवटचे दहा दिवस खुर्चीवर सासूबाई बसल्या, कारण माझी रजा संपली होती आणि मी आठ वाजताच बसल्या बसल्या पेंगायचे. त्या तोंडाने पिंजरा म्हणत होत्या आणि अंगाई म्हणत बसत होत्या.

आई, तुमचा पुतण्या हे तुम्हाला वाचून दाखवेल, मला माहितीये. गोधडीचा दोष नाही. ती मी माळ्यावर ठेवलीये, डांबराच्या गोळ्या घालून, कोणाला दिलेली नाही. मला तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही मला "सांभाळता येत नाही" म्हणाल याची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, तुम्ही स्वतःला लावून घ्याल याची.

आणि तुम्ही सगळ्यांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आत सांगते. ती आता साडेआठला झोपते, बहुतेक वेळा चारला उठते. काही पहाटे मी तिला थोपटून परत झोपवते. काही पहाटे पाजून पलंगावर ठेवते, उशा खाली टाकून, पांघरूण लांब सारून, अंगात स्वेटर घालून. आणि मी झोपत नाही. निदान झोपायचं नाही असं ठरवते. परवा पाऊस कोसळत होता, मला सहाला जाग आली तर ती क्रिबमध्येच होती, मी तिला उचललंच नव्हतं, मीच पलंगाच्या काठावर येऊन हात गजांतून आत घातला होता आणि तिने माझी करंगळी धरली होती. ऑफिसात दुपारपर्यंत माझ्या दंडावर गजाचा वळ होता.